मोर मेले तो आठवडा

कृष्णवेणीला पहिली लांडोर दिसली ती बांधावर आडवी पडलेली. धुळीत लोळत असेल असं वाटून तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. कोवळ्या उन्हात मातीत अंग घुसळणाऱ्या लांडोरींचे फोटो तिच्याकडे वीसएक तरी होते. पण भिंगातून जवळ आला तो एक उघडा डोळा, आणि त्या डोळ्यावरून मुंगी चालली होती.

सहा पावलांवर दुसरी पडली होती. तिच्या पलीकडे एक मोर, अर्धा बांधावर, अर्धा पाटात, पाण्यानं जड झालेला पिसारा खाली ओढला गेलेला. काटेरी झुडपांपाशी तिसरी लांडोर आणि तीन होले. कुणाच्याही अंगावर जखम नव्हती. मोराची चोच उघडी होती, आणि तिच्यात भाताचे दोन दाणे अडकले होते. दाण्यांचा रंग निळसर होता.

तिनं उभ्या उभ्या वनखात्याच्या रेंजरना फोन लावला. सुब्रह्मण्य त्यांचं नाव. शाळेतल्या पक्षी-सप्ताहाला ते आले होते, तेव्हापासून नंबर तिच्याकडे होता. फोन लावताना तिनं दुसरा कसलाच विचार केला नाही. पुढचे तीन दिवस ती सारखी तिथंच येऊन अडखळत राहिली: आधी अण्णाला हाक मारली असती तर?

शेत अण्णाचं होतं. वादिराज तिचा चुलत भाऊ, तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. घरात त्यांची पिढीजात मराठी, गावात तमिळ. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले, तेव्हा तोच तंजावूरहून तिला आणि तिच्या आईला बैलगाडीत घालून ओरत्तनाडूच्या अलीकडच्या या गावी घेऊन आला. सायकलच्या कॅरिअरवर बसवून त्यानं तिला शाळेत पोचवलं. बारावीनंतर घरातली मोठी माणसं लग्नाचं काढून बसली, तेव्हा त्यानं कुणाला न विचारता तिला तंजावूरच्या कॉलेजात नेऊन तिचं नाव घातलं. आज ती चव्वेचाळीसची होती, तंजावूरच्या शाळेत अकरावी-बारावीला प्राणिशास्त्र शिकवत होती, तिथल्याच मेलवीदी या आळीत एकटी राहत होती. आणि दर रविवारी पहाटे स्कूटरवर कॅमेऱ्याची पिशवी बांधून अण्णाच्या शेतावर येत होती.

वर्षभराचं काम तिनं मनाशी ठरवून घेतलं होतं. एकच जागा, एकच वेळ, बावन्न रविवार. पाटाच्या लोखंडी दारावर चढायचं, सात वाजून दहा मिनिटांनी समोरच्या सगळ्या शिवाराचा एक फोटो घ्यायचा, आणि मग उतरून जे पक्षी दिसतील त्यांच्या मागं लागायचं. तमिळ आनी महिन्यात, म्हणजे जूनच्या मध्यावर, कालव्याला पाणी आलं तेव्हा सुरुवात झाली. नांगरटीत गोगलगायी वेचणारे, चोचीत फट असलेले करकोचे. मग ताडावर सुगरणींची लगबग. ऐप्पसीच्या, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या, पावसात शेतं तळी झाली आणि उत्तरेकडून भुवई बदकं उतरली. मार्गळीच्या धुक्यात तारेवर अंग फुगवून एकमेकांना चिकटून बसलेले वेडे राघू. जानेवारीत, तैमध्ये, कापणी झाली आणि नीलपंख खुंटांवर बसू लागले. आता मासी चालू होता, म्हणजे फेब्रुवारी, आणि रविवार छत्तिसावा होता.

रेंजर दोन माणसांना घेऊन दहाच्या सुमाराला पोचले. हातमोजे घालून पक्षी पिशव्यांत भरले, चोचीतले दाणे छोट्या बाटलीत घेतले, बांधावर सांडलेलं थोडं निळसर भातही गोळा केलं. तोवर वादिराज घरून आला होता. पांढरी वेष्टी गुडघ्यावर दुमडलेली, खांद्यावर पंचा, डावा खांदा नेहमीसारखा किंचित उतरलेला. मोराकडे पाहून तो चुकचुकला.

"बाहेरची माणसं येतात, साहेब. शिकारी," तो तमिळमध्ये म्हणाला. "रात्री कोण येतं, कोण जातं, आम्हाला काय दिसतंय?"

त्यानं घरून ताक मागवलं. रेंजरांनी पेला हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"टीचर, तुम्ही दर रविवारी इथं फोटो घेता ना?" ते कृष्णवेणीला म्हणाले. "गेल्या महिन्याचे सगळे मला बघायचेत. कुणी माणूस, कुठली गाडी, काहीही सापडेल. बुधवारी सकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन या. कार्डच आणा, निवडलेले फोटो नकोत."

"आणते," ती म्हणाली.

वादिराजनं रिकामा तांब्या उचलला आणि घराकडे वळला.

सोमवारी शाळेतून आल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. तिला कुठलीतरी अनोळखी मोटारसायकल सापडायला हवी होती. झुडपामागं एखादा परका चेहरा हवा होता. पक्ष्यांचे फोटो भराभर सरकवून झाले. त्यांत पक्ष्यामागचं सगळं धुरकट असतं, तिथं काही मिळणार नव्हतं. मग तिनं पाटाच्या दारावरून घेतलेले शिवाराचे फोटो काढले. मोर सापडले त्याच्या आदल्या रविवारचा उघडला. उजव्या कोपऱ्यात, झुडपांच्या कडेला, एक माणूस वाकलेला होता.

त्या सकाळी तिनं त्याला पाहिलं होतं. चित्रात माणूस आला, बरं झालं, असंही तिला वाटलं होतं. आता तिनं तो कोपरा मोठा केला. पांढरी वेष्टी. उतरलेला डावा खांदा. शेजारी स्टीलची बादली. आणि त्याच्या मागं बांधावर, दोन-दोन हातांवर, मुठीमुठीचे ढीग. निळसर.

तिनं त्याच्या आधीचा रविवार उघडला. तिथंही तो होता. त्या दिवशी तर त्यानं मान वर करून तिच्याकडे हात हलवला होता. उंदरांसाठी राख टाकतोय, असं तो नंतर कॉफी पिताना म्हणाल्याचं तिला आठवलं.

उठून तिनं दार लावलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी लावलं. परत बसून तिनं फोटोची उजवी कड बोटभर कापून पाहिली. वादिराज गेला. झुडपं गेली. उरलं ते ओलं शेत, त्यावरचं धुकं आणि दूरचे माड, आणि चित्र खरं म्हणजे आधीपेक्षा चांगलं दिसत होतं. ते पाहून तिला स्वतःचीच भीती वाटली. पण रेंजरांनी कार्ड मागितलं होतं. कार्ड पुसायलाही फार काही लागत नव्हतं, एक बटण दाबायचं होतं. मोर मारणाऱ्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा होते, हे ती दरवर्षी मुलांना शिकवत होती. अण्णा अठ्ठावन्नचा होता.

तिनं कापलेला फोटो सेव्ह न करता लॅपटॉप बंद केला. कार्डही पुसलं नाही.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती गावी गेली. वादिराज पडवीत दोरी वळत बसला होता. सुंदरीवैनी आत होती. भांड्यांचा आवाज येत होता.

"आज मंगळवारी कशी गे?" तो म्हणाला.

तिनं फोन त्याच्यापुढं धरला. फोटोचा तो कोपरा तिनं फोनवर घेऊन आणला होता. वादिराजनं चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला. हातातली दोरी खाली ठेवली नाही.

"तू हा अजून दिला नाहीस ना?"

"उद्या द्यायचाय."

"सरि, ठीक. मग काढून टाक."

"अण्णा, तू केलंस हे?"

"मीच केलं. दुसरं कोण करणार?" त्याचा आवाज चढला नव्हता. "चार एकर उडीद टाकला. कोंब वर आले की सकाळी तीस-चाळीस येतात आणि ओळीनं उपटून खातात. डबे वाजवले, फटाके लावले, तुझ्या वैनीच्या जुन्या साड्या बांधल्या. त्या साड्यांवर बसतात ते! ऑफिसात अर्ज दिला. ते म्हणाले, राष्ट्रीय पक्षी आहे, हात लावू नका. मी हात नाही लावला."

"चेष्टा करू नको."

"चेष्टा नाही करत. तू रविवारी येतेस वेणी, फोटो घेतेस, जेवून जातेस. बाकीचे सहा दिवस इथं ते असतात आणि मी असतो."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सहा दिवसांचं तिनं कधी विचारलंच नव्हतं.

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. सुंदरीवैनी दारात येऊन उभी राहिली.

"नऊ वर्षांची आलीस या घरात," वैनी म्हणाली. एवढंच म्हणाली.

कृष्णवेणी खाली बघत राहिली. मग तिनं सहज म्हणून विचारलं, की विचारायचं काहीतरी म्हणून, ते तिला नंतर सांगता आलं नाही. "रेंजर ते दाणे घेऊन गेले. आता तिथं काही नाही ना?"

वादिराजनं दोरीला आणखी एक पीळ दिला.

"अण्णा?"

"काल पुन्हा आले होते, वीसेक. आज सकाळी टाकलंय. त्या बाजूला नाही. पूर्वेच्या बांधावर आणि शेजारच्या मोकळ्या शेतात थोडं."

तेवढ्यात तिला तो आवाज ऐकू आला. आधी नुसती कुजबुज, मग शेकडो गळ्यांचा एकच कलकलाट. गावातल्या सगळ्यांना तो ओळखीचा होता. कापणी झाली की बदकवाले आपले कळप घेऊन कालव्याकाठानं येतात आणि सांडलेल्या भातावर बदकं चारत एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. कळप पूर्वेकडून येत होता.

वादिराजच्या हातातली दोरी सुटली.

कृष्णवेणी धावत सुटली. चप्पल पडवीतच राहिली. उडदाच्या शेतातून आडवं गेलं तर दोन मिनिटं वाचणार होती. ती आडवीच गेली, कोंब तुडवत. कापलेल्या भाताचे खुंट तळव्यांत घुसत होते. पूर्वेच्या बांधावर पोचली तेव्हा कळपाचं तोंड पाटातून वर चढत होतं. सात-आठशे बदकं, तपकिरी, माना पुढं काढून एकमेकांना रेटत निघालेली. त्यांच्या मागं लांब बांबू घेतलेली एक बाई, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. बांबूच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी फडफडत होती.

"थांबव! बदकं थांबव!" कृष्णवेणी तमिळमध्ये ओरडली.

बाई थांबली नाही. "या शेताच्या मालकाला विचारलंय मी," ती तितक्याच जोरात ओरडली. "तुम्ही कोण?"

"विष आहे तिथं! दाण्यांत विष आहे!"

"दरवर्षी कुणीतरी काहीतरी सांगतं. वाट सोडा!"

पहिली बदकं मोकळ्या शेतात उतरली. कृष्णवेणी त्यांच्यापुढं हात पसरून उभी राहिली, ओरडली, ओढणी काढून फिरवली. पुढची बदकं बिचकून दोन्ही अंगांनी फाकली आणि तिला वळसा घालून पलीकडे गेली. मागचा लोंढा येतच होता. बांधाच्या कडेचा एक निळसर ढीग तिला दिसला. ती त्याच्यावर पाय देऊन उभी राहिली. दुसरा ढीग पाच हातांवर होता. तिथं चार बदकं आधीच पोचली होती.

मागून वादिराज येत होता. दुखऱ्या गुडघ्यामुळं त्याला धावता येत नव्हतं; एक पाय ओढत, पंचा हातात घेऊन तो येत होता. बांधावर येऊन थांबला. तोंड उघडून धापा टाकत होता. बाईनं त्याला ओळखलं. तिचं नाव चेल्लम्मा. गेली तीन-चार वर्षं ती या वाटेनं येत होती.

"अय्या, तुम्हीच सांगा हिला," ती वादिराजला मानानं म्हणाली. "विष म्हणते. कुणी टाकलंय विष?"

कृष्णवेणीनं त्याच्याकडे पाहिलं. ती सांगू शकली असती, पण बाई तिचं ऐकत नव्हती. त्याचं ऐकणार होती. वादिराज बदकांकडे बघत होता, मग बाईकडे, मग पुन्हा बदकांकडे. तेवढ्यात एक बदक त्याच्या पायाशी येऊन दाणे टिपू लागलं.

"मी," तो म्हणाला.

"काय?"

"मी टाकलंय!" तो ओरडला. "मोरांसाठी! वळव त्यांना, आधी वळव!"

चेल्लम्मानं शिवी हासडली आणि बांबू आडवा धरला. मग जे तिनं केलं ते कृष्णवेणीनं वर्षभरात पाहिलेल्या कशासारखंच नव्हतं. ती कळपाच्या पुढं धावली, गळ्यातून एक खर्जातला आवाज काढत, बांबूचं टोक जमिनीलगत फिरवत. आठशे माना एकदम वळल्या. लोंढा स्वतःभोवती फिरला, बांधावर अडकला आणि धबाधबा पाटात कोसळला. वादिराज पंचा हलवत मागं राहिलेली बदकं हाकत होता. कृष्णवेणीनं हाताला लागलेली दोन उचलून पाण्यात टाकली. पाच मिनिटांत शेत रिकामं झालं.

रिकामं झाल्यावर दिसलं की सगळी गेली नव्हती. काही खाली बसली होती, माना वाकड्या करून. अकरा बदकं मेली. चेल्लम्मा एकेकाजवळ बसली, चोच उघडून तिच्यात पाणी ओतत राहिली. एकही वाचलं नाही.

"ही आज विकली असती तर माणसं मेली असती," ती वादिराजकडे न बघता म्हणाली. "पुरा ती. खोल पुरा. कुत्र्यालाही मिळता कामा नयेत."

वादिराजनं खड्डा खणला. कृष्णवेणी आणि चेल्लम्मा हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, गुडघ्यांवर बसून दाणे वेचत होत्या. ढीग सोपे होते. विखुरलेले दाणे मातीसकट खरवडावे लागत होते. वादिराज मधेच येऊन दाखवायचा, इथं टाकलं होतं, इथं, आणि त्या झुडपाखाली. कुणी फारसं बोलत नव्हतं. झुडपांच्या आत तीन लांडोरी उभ्या होत्या, मान उंच करून सगळं बघत. बाहेर आल्या नाहीत.

दुपार कलली तेव्हा दोन बादल्या भरल्या होत्या. चेल्लम्मा कळपामागं निघून गेली. वादिराज बांधावर बसला.

"आता तरी तो फोटो काढून टाकशील ना?" तो मराठीत म्हणाला, हळू आवाजात.

बाईसमोर तो स्वतःहून कबूल झाला, आता उद्या तोच आपल्याबरोबर येईल, असं कृष्णवेणीनं दाणे वेचता वेचता मनात धरलं होतं.

"तू येशील का माझ्याबरोबर?" तिनं विचारलं. "तू सांगितलंस तर वेगळं होईल."

"जेलात जाऊ म्हणतेस, आपल्या पायांनी."

"मी बरोबर असेन."

वादिराज उठला, दोन्ही बादल्या उचलल्या आणि घराकडे निघाला. बादल्या तिनं मागून घेतल्या, झाकणं बांधून स्कूटरवर ठेवल्या. त्यानं हरकत घेतली नाही.

बुधवारी सकाळी आठपासून ती वनखात्याच्या ऑफिससमोर उभी होती. अण्णाचा फोन बंद होता. साडेनऊला सुंदरीवैनीचा आला. वैनी रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं.

"पायाच्या दुखण्यानं ते रात्रभर झोपले नाहीत. तू काय करायचं ते कर. पण केल्यावर या घरी येऊ नको."

बस थांबली की ती दरवाजाकडे बघायची. ओरत्तनाडूच्या तीन बसा आल्या. दहाला रेंजरांनी आत बोलावलं.

तिनं आधी बादल्या टेबलाशेजारी ठेवल्या आणि कालचं सगळं सांगितलं: बदकं, चेल्लम्मा, खड्डा कुठं आहे ते. मग कार्ड टेबलावर ठेवलं. बोट त्याच्यावरच राहिलं. रेंजर वाट बघत होते. त्यांनी ते ओढून घेतलं नाही.

"मोर मेले त्याच्या आधीच्या दोन रविवारचे, पाटाच्या दारावरून घेतलेले," ती म्हणाली. "उजव्या कोपऱ्यात बघा. तो माझा भाऊ आहे. दाणे वेचायला काल तोही होता. त्यानंच जागा दाखवल्या. हेही लिहा."

तिनं बोट काढलं.

त्याच दिवशी संध्याकाळी वादिराजला नेलं. जामीन मिळायला एकोणीस दिवस लागले. वकील तिनं पाहून दिला. वैनीनं दुसरा घेतला. चेल्लम्मानं साक्ष दिली, आणि त्यात तिनं हेही सांगितलं की अय्यांनीच ओरडून कळप वळवायला लावला. खटला अजून उभा राहायचा होता. मेलवीदीतले नातेवाईक समोरून आले की देवळाच्या कळसाकडे बघत पुढं जायचे. शाळेत मुख्याध्यापिकेनं तिचं कौतुक करायला सभा ठेवली, तेव्हा ती पोटदुखीचं कारण सांगून घरी गेली. एप्रिलमध्ये ती रेंजर ऑफिसात वादिराजचा जुना अर्ज शोधत बसली. सापडला तेव्हा त्याच्या जोडीला गावातल्या आणखी चौदा जणांच्या सह्यांचा नवा अर्ज दिला, शेतात मोर येतात तेव्हा आम्ही करायचं काय, असं विचारणारा. उत्तर आलेलं नव्हतं.

रविवार तिनं चुकवले नाहीत. अण्णाच्या शेतात मात्र गेली नाही. पाटाच्या पलीकडच्या काठावरून, दुसऱ्याच्या माडांखालून, ती फोटो घ्यायची. तिथून शिवार उलटं दिसायचं. वर्षाचे फोटो आता एका जागेवरून घेतलेले राहिले नव्हते.

जूनमध्ये कालव्याला पाणी आलं त्या रविवारी ती चपला पिशवीत टाकून काठाच्या चिखलात उभी होती, आणि वादिराज समोरच्या बांधावर होता. तुरुंगातून आल्यावर तिनं त्याला पहिल्यांदाच पाहिलं. वाळला होता. पाण्याबरोबर आलेला गवताचा पुंजका तो काठीनं बाजूला करत होता. त्याच्या मागं दहा-बारा करकोचे चिखलात उतरले होते, आणि ते टिपायचे तर तो चित्रात येतच होता. त्यानं कॅमेरा पाहिला. बाजूला झाला नाही, पाठही फिरवली नाही. तिनं कॅमेरा खाली घेतला.

दोघांच्या मधून गढूळ पाणी वेगानं चाललं होतं. तिला काहीतरी बोलायचं होतं. आवाज पलीकडे पोचेल की नाही कळेना.

वादिराजनं काठी चिखलात रोवली.

"त्या माडांखाली साप असतात," तो ओरडला. "अनवाणी फिरू नको."

मग तो पुन्हा गवत काढू लागला. कृष्णवेणीनं पिशवीतून चपला काढल्या आणि तिथंच, ओल्या काठावर बसून, पायांत घातल्या.